तात्पर्याची ओळ आणि आजीची केळी

जिल्हा परिषदेच्या शाळेतला सकाळचा परिपाठ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातली बोधकथेची जागा ठाऊक असते. प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते, सुविचार आणि दिनविशेष सांगून होतात, आणि मग पाचवी-सहावीतली एखादी मुलगी पुढे येऊन, हात मागे बांधून, एका दमात गोष्ट म्हणते. ‘सांगते’ असे आम्ही मुद्दामच लिहीत नाही. गोष्ट कोल्ह्याची असते, लाकूडतोड्याची असते, दोन मित्रांची आणि अस्वलाची असते. पण कोणाचीही असली तरी शेवटी आवाज एक पट्टी वर चढतो आणि ‘तात्पर्य’ हा शब्द येतो. मांडी घालून बसलेली पोरे त्या शब्दाची वाट पाहत असतात, कारण त्यानंतर उठायचे असते.

भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातल्या एका गावी, असा परिपाठ आम्ही अनेकदा ऐकला. त्याच शाळेत दुपारच्या वेळी मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले होते, आणि त्या निमित्ताने आफ्रिकेतल्या काही देशांची बालपुस्तके आमच्या हाती आली. त्यांतली बरीचशी उघडउघड संस्कार करू पाहणारी आहेत. चोरी करू नये, थोरांना फसवू नये, गावाचे काम सगळ्यांनी मिळून करावे, लोभ करू नये. मराठी समीक्षेच्या संस्कारात वाढलेल्या आमच्यासारख्यांना अशा पुस्तकाच्या पहिल्या पानावरच आठ्या पडतात. ‘बोधवादी’ हा शब्द आपल्याकडे वर्णनासाठी वापरला जात नाही. निकालपत्र म्हणून वापरला जातो. या पुस्तकांनी तो निकाल आम्हांला फिरवायला लावला, आणि तो कसा फिरला हे सांगण्यासाठी हा लेख.

ही पुस्तके इथवर आली कशी, ते थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘साइड’ या शैक्षणिक संस्थेने २०१४ साली ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ हा उपक्रम उभा केला. केनिया, युगांडा, दक्षिण आफ्रिका अशा देशांतल्या मुलांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत वाचायला पुस्तकेच नव्हती. छापून विकायचे तर खर्च परवडत नाही, म्हणून गोष्टी संकेतस्थळावर मोकळ्या ठेवायच्या. कोणीही त्या उतरवून घ्याव्यात, आपल्या भाषेत आणाव्यात, हव्या तशा बदलाव्यात, अशी मुभा परवान्यातच दिलेली. पुढच्याच वर्षी बेंगळुरूच्या ‘प्रथम बुक्स’ने ‘स्टोरीवीव्हर’ उघडले तेही याच धर्तीवर, आणि आफ्रिकन स्टोरीबुकच्या कितीतरी गोष्टी तिथे आल्या. म्हणजे केनियातल्या लेखिकेची गोष्ट साकोलीच्या शाळेत पोचायला आता ना लंडनचा प्रकाशक लागतो ना पुण्याचा. (‘आफ्रिकन गोष्टी’ असे म्हणताना आमची जीभ जरा अडखळते, हेही नोंदवून ठेवतो. चोपन्न देशांच्या खंडाला एक विशेषण पुरत नाही. ‘आशियाई गोष्टी’ म्हणून कोणी आपल्याला आणि जपानला एका टोपलीत घातले तर आपण हसू.)

आमची गाडी अडली ती ऊर्सुला नाफुला या केनियन लेखिकेच्या, आजीच्या केळ्यांच्या गोष्टीवर. गोष्ट एवढीच. आजीच्या मळ्यात ज्वारी, बाजरी, कसावा असे पुष्कळ काही आहे, पण सर्वांत चांगली केळी. नातवंडे खूप, तरी आपण आजीचे लाडके आहोत हे सांगणाऱ्या नातीला मनातून माहीत आहे. आजी तिला सगळी गुपिते सांगते. फक्त केळी कुठे पिकत घालते ते सांगत नाही. एक दिवस अंगणात मोठी टोपली दिसते, केळीची पाने दिसतात. विचारले तर आजी म्हणते, ती जादूची टोपली, ती जादूची पाने. मग एकदा आजी घरात नसताना नात आत शिरते, वासावरून माग काढते, एक केळे उचलते आणि घरामागे जाऊन खाते. इतके गोड केळे तिने कधी खाल्लेले नसते. दुसऱ्या दिवशी चार उचलते. तेवढ्यात बाहेर आजीचे खोकणे ऐकू येते, आणि ती केळी कपड्याखाली लपवून आजीच्या शेजारून निघून जाते. तिसरा दिवस बाजाराचा. आजी पिकलेली केळी आणि कसावा बाजारात नेऊन विकते. नात त्या दिवशी आजीकडे फिरकत नाही. संध्याकाळी आईवडील आणि आजी तिला बोलावतात. का बोलावले ते तिला कळते. आणि रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या तिला उमजते की आपल्याला पुन्हा चोरी करता येणार नाही.

आम्ही ती इंग्रजीवरून एका वहीत मराठीत उतरवली. उतरवताना आमच्या हातून एक गोष्ट घडली, ती कबूल केली पाहिजे. शेवटच्या वाक्याखाली आम्ही एक ओळ वाढवली: तात्पर्य, चोरी करणे हे पाप आहे. परवान्याची मुभा होतीच. शाळेत वाचायचे आहे, गुरुजींना बरे वाटेल, परिपाठालाही चालेल, असा काहीसा विचार तेव्हा असावा. खरे तर विचार नव्हताच, हाताला वळण होते.

वाचून झाली. आम्ही विचारले, काय बोध घेतला? वर्गाने एका सुरात उत्तर दिले आणि पोरे उठली. जाताजाता चौथीतली एक मुलगी आमच्यापाशी थांबली. तिचा प्रश्न तिच्या बोलीत होता. तो प्रमाण मराठीत देताना त्यातले काहीतरी सांडते, पण देतो. मग आजीने त्या दिवशी बाजारात काय नेले?

आम्ही गोष्ट तीनदा वाचली होती, एकदा लिहिली होती, आणि हा प्रश्न आम्हांला पडला नव्हता. या मुलीची स्वतःची आजी आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते, हे आम्हांला नंतर कळले. केळे खाणे हा अपराध आहे तो पापपुण्याच्या वहीत नोंद होते म्हणून नव्हे. त्या चार केळ्यांचे बाजारात चार पैसे येणार होते, त्यांतून मीठ-तेल येणार होते, म्हणून. आणि लेखिकेने चोरी आणि बाजार ही दोन पाने शेजारीशेजारी ठेवून, मध्ये एक शब्दही न बोलता, हे सांगून ठेवले होते. आमच्या ओळीने ते झाकले.

दुसऱ्या एका वर्गात आम्ही तीच गोष्ट ओळ खोडून वाचली. ‘बोध’ विचारला नाही. तिथे काय झाले त्याचा फार गाजावाजा करण्याची आमची इच्छा नाही. मुले काही एकाएकी साधुसंत झाली नाहीत. पण ती बोलू लागली. आंब्याची आढी घरात कुठे घालतात, तणसाखाली हात घालून पिकलेला आंबा न बघता कसा ओळखावा, या शास्त्रात त्यांचा अधिकार आमच्याहून मोठा निघाला. मग वाद पेटला तो एका मोकळ्या जागेवरून. संध्याकाळी बोलावल्यावर आईवडील नातीला काय म्हणाले, हे पुस्तकात नाही. मुलग्यांचे ठाम मत पडले की तिला झोडपले असणार. एका मुलीचे म्हणणे, आजी काहीच बोलली नसेल, आणि म्हणूनच त्या रात्री तिला झोप आली नसेल. अर्धा तास हा खल चालला. शिक्षा हवी की नको, आणि हवी तर कोणाच्या हातून, हा नीतिशास्त्रातला काही किरकोळ प्रश्न नव्हे.

आता ही तात्पर्याची ओळ मुळात आली कुठून, ते पाहण्यासारखे आहे. आपण तिला इसापाच्या नावावर जमा करतो. प्राचीन ग्रीक कथासंग्रहांचे अभ्यासक सांगतात की गोष्टीच्या आधी जोडलेले उपदेशवाक्य हे मुळात श्रोत्यासाठी नव्हतेच. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस फालेरोनच्या देमेत्रिओसने या कथा गोळा केल्या त्या वक्त्यांच्या आणि लेखकांच्या उपयोगासाठी. कोणती गोष्ट कोणत्या प्रसंगी वापरावी ते चटकन सापडावे, म्हणून डोक्यावर एक वाक्य. पुढे ते वाक्य गोष्टीच्या पायाशी सरकले आणि तात्पर्य झाले. म्हणजे ज्या ओळीला आपण कथेचा आत्मा समजतो, ती एके काळी कपाटावरची चिठ्ठी होती. (इसाप हे नाव ‘इथिओप’ या शब्दावरून आले, तो कृष्णवर्णी आफ्रिकन होता, असे बायझंटाइन काळातल्या त्याच्या चरित्रात म्हटले आहे. आजचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत. पण मानली असती, तर मराठी मुलांना नीती शिकवणारा पहिला परदेशी गुरू आफ्रिकेतलाच निघाला असता, आणि आम्हांला ते आवडले असते.)

मराठीत ही चिठ्ठी आली ती इंग्रजी राजवटीच्या शाळाखात्याबरोबर. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही दोन्ही पुस्तके १८२८ सालची. त्यांतले ‘बाळमित्र’ म्हणजे बेर्केंच्या फ्रेंच पुस्तकाचे, इंग्रजीमार्गे आलेले मराठी रूप. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या सुखवस्तू घरांतली शहाणी मुले आणि त्यांचे शहाणे आईवडील असे आपल्या बालसाहित्याच्या उंबऱ्यावर उभे आहेत. पुढे दीडपावणेदोनशे वर्षे ‘आपले संस्कार’ म्हणून आपण जे छातीशी धरले त्यातले पुष्कळसे असे दोन भाषांचा प्रवास करून आलेले आहे. आफ्रिकेत मिशनच्या छापखान्यांतून निघालेल्या वाचनमालांची कथा फार वेगळी नाही. दोन्हीकडे नीतीचा धडा आणि हुकमाचा धडा एकाच पानावर छापला गेला, आणि आज्ञाधारकपणा हा सर्व सद्गुणांचा राजा झाला.

याविरुद्ध बंड झाले ते योग्यच झाले. भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ नावाचे मासिक चालवले, ते छत्र्यांच्या ‘बाळमित्र’चे नाव घेऊन आणि बाकी सारे उलटे करून. विंदा करंदीकरांच्या बालकविता आल्या, जी. ए. कुलकर्ण्यांचे ‘बखर बिम्मची’ आले. मुलाला शहाणे करण्याऐवजी त्याच्याशी खेळणारे लेखन हे आपल्या बालसाहित्याचे वैभव आहे, यात वाद नाही. पण या बंडाचा एक परिणाम असा झाला की अभिरुचीवाल्यांनी बोधकथेकडे पाठ फिरवली आणि तिचा मुलूख ज्यांना अभिरुचीशी काही देणेघेणे नाही त्यांच्या ताब्यात गेला. एस. टी. स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर जा. प्रजासत्ताकदिनाच्या बक्षिसांत काय वाटले जाते ते पाहा. ‘बिम्म’ तिथे नाही. तिथे आहे चकचकीत मुखपृष्ठाची, भडक चित्रांची, अनुवादकाचे नावही नसलेली बोधकथामाला. भंडारा जिल्ह्यातल्या मुलाच्या घरात अभ्यासक्रमाबाहेरचे एखादे पुस्तक असेल तर ते बहुधा हे असते. समीक्षकाने एखाद्या प्रकाराला ‘साहित्यच नव्हे’ म्हटल्याने तो प्रकार मरत नाही. तो फक्त समीक्षेवाचून वाढतो. आमचा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंवर आहे, आणि अर्थात स्वतःवरही.

चांगल्या आणि वाईट बोधकथेत फरक करायचा तर निकष कोणता? आम्हांला एक सुचतो, तो असा की सांगणारा कुठे उभा आहे ते पाहावे. बोधकथामालेत खोडकर मुलगा नेहमी तृतीय पुरुषात असतो. ‘राजू हट्टी होता.’ सांगणारा हट्टी नसतो, कधी नव्हताच. तो वर बसून राजूकडे बोट दाखवतो, आणि ऐकणाऱ्या मुलापुढे दोनच मार्ग उरतात, बोटामागे जाऊन उभे राहणे किंवा राजू होणे. शहाणे मूल पहिला मार्ग धरते आणि ढोंग शिकते. नाफुलाबाईंच्या गोष्टीत चोर ‘मी’ आहे. केळे गोड लागले हे ती लपवत नाही, ते सर्वांत गोड होते असे सांगते; आणि चोरीचा दोष चवीला लावत नाही.

हा ‘मी’ आपल्याला अनोळखी आहे का? मुळीच नाही. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ १९३५ सालचे. त्याची चेष्टा करणे हा साहित्याच्या विद्यार्थ्यांचा एक ठरलेला संस्कार आहे. आम्हीही तो यथासांग पार पाडला होता. पण पुस्तकाची घडण पाहा. मोठा झालेला श्याम रात्री आश्रमातल्या मित्रांना स्वतःचे लहानपण सांगतो आहे, आणि त्यात आपण कुठे चुकलो, कुठे भ्यालो, आईला कुठे दुखवले हे सांगतो आहे. पोहायला जायला नको म्हणून लपून बसणारा आणि आईच्या हातचा मार खाणारा मुलगा तोच. आई गेल्यावर आता कोणाला सांगायचे, हे ओझे त्या सांगण्याखाली आहे. त्यात उपदेशाचे परिच्छेद आहेत, काही ठिकाणी ते फार आहेत, हे नाकारत नाही. पण त्या उपदेशाचा पहिला मारा सांगणाऱ्यावरच होतो. पुढे ‘संस्कारमाले’वाल्यांनी श्यामच्या आईला फोटोत बसवले आणि श्यामची कबुली गाळली, तिथून बिघडले. आम्ही वहीत जे केले ते याहून वेगळे नव्हते.

दुसरी शक्यता अशी की सांगणारा वर बसलेला नसतोच, कारण गोष्टीत कोणीच पूर्ण बरोबर नसते. चिनुआ अचेबे यांनी मुलांसाठी लिहिले ते निव्वळ हौसेने नव्हे. नायजेरियात विलायतेहून येणाऱ्या बालपुस्तकांतून आपल्या लहान मुलीच्या मनात काळ्यागोऱ्या रंगाविषयी विष उतरते आहे, हे लक्षात आल्यावर आपली मुले आपणच वाचती केली पाहिजेत असे त्यांना वाटले. ‘चिके अँड द रिव्हर’ १९६६चे. बियाफ्राच्या युद्धानंतर, १९७२ साली, जॉन इरोआगानाची यांच्यासह लिहिलेली बिबट्याची गोष्ट आली. पूर्वी बिबट्याला नखे नव्हती, सुळे नव्हते. तो प्राण्यांचा भला राजा होता. पावसापासून निवारा म्हणून सगळ्यांनी मिळून मोठे घर बांधायचे ठरते. सुळे फक्त कुत्र्याला. तो कामाला येत नाही, पण पाऊस आल्यावर घर बळकावतो. आणि प्राणी? ते भिऊन कुत्र्याचे गुणगान गातात, बिबट्याला दगड मारून हाकलतात. बिबट्या लोहाराकडून दात आणि नखे घडवून आणतो, मेघाकडून आवाज घेतो, परत येऊन घर मोडून टाकतो आणि सगळ्यांवर दहशतीने राज्य करू लागतो. कुत्रा पळतो तो शिकाऱ्याच्या आश्रयाला. आता याचे तात्पर्य एका ओळीत लिहून दाखवा. आळस करू नये? दांडग्यापुढे वाकू नये? सूड घेऊ नये? नागझिऱ्याच्या रानाशेजारी, बिबट गावात शिरल्याच्या बातम्या ऐकत वाढणाऱ्या मुलांना ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा सर्वांत जास्त राग कोणावर आला असेल? कुत्र्यावर नाही, बिबट्यावर नाही. गाणे म्हणणाऱ्या बाकीच्या प्राण्यांवर. ही नीतिकथा आहे, आणि ती मुलांना नागरिक समजते.

हे सगळे परके आहे आणि आपल्या मातीत रुजणार नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी पवनीचा दाखला देतो. वैनगंगेकाठच्या या गावी, जगन्नाथ टेकडीवर, १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपाचे अवशेष बाहेर आले. तिथे सापडलेल्या शिल्पांत पाच फण्यांचा नाग आहे. बुद्धावर पावसात फणा धरणारा तो मुचलिंद. शिल्पावर त्याचे नाव कोरलेले आहे. फक्त नाव. त्याखाली उपदेशाची ओळ नाही. पाहणाऱ्याला गोष्ट सांगणारा शेजारी उभा असणार आणि बाकीचे काम त्या दोघांचे, असा भरवसा त्या शिल्पकाराला असावा. बौद्ध परंपरेत नीतिकथेचे मोठे भांडार म्हणजे जातके, आणि जातकांची घडण इथे आठवण्यासारखी आहे. गोष्ट संपली की बुद्ध सांगतात, त्या वेळचा अमुक तो मीच. बहुतेक वेळा हा ‘अमुक’ गोष्टीतला शहाणा असतो, हे खरे. पण काही जातकांत बोधिसत्त्व दरोडेखोराच्या जन्मातही आहे. ज्या जिल्ह्यात ही परंपरा दगडात सापडते, तिथल्या परिपाठात गोष्टीतला दोषी कायम दुसराच असतो, हे आम्हांला चमत्कारिक वाटते.

आता भाषेविषयी, कारण तिथे आमची वही पुन्हा एकदा नापास झाली. भंडारा-गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूरच्या झाडीपट्टीत मुले घरी झाडीबोली बोलतात. (गोंदिया १९९९ साली वेगळा जिल्हा झाला, बोली काही वेगळी झाली नाही.) साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातले, झाडीबोलीची साहित्यसंमेलने भरू लागली. तरी वर्गात ‘ण’ ऐवजी ‘न’ म्हणणारे मूल अजून ओशाळते. आजीच्या गोष्टीत आजी आमच्या वहीत पुणेरी मराठी बोलत होती. ती बोलताच मुलांच्या चेहऱ्यावरून आजी उतरत होती आणि बाई दिसू लागत होत्या. आणि बाईंसारखी बोलणारी आजी काहीही म्हणाली तरी तो बोधच वाटतो. न्गुगी वा थिओंगो (२०२५ साली ते गेले) यांनी लहानपणच्या शाळेत गिकुयू बोलल्याबद्दल होणाऱ्या शिक्षेविषयी लिहिले आहे, आणि पुढे त्यांनी न्जांबा नेने या पोराच्या गोष्टी मुलांसाठी गिकुयूतच लिहिल्या. आमच्याकडे शिक्षा होत नाही. हसे होते, आणि ते पुरते. गोंडीसाठी ‘सीजीनेट स्वर’ आणि ‘प्रथम बुक्स’ यांनी २०१८ साली कार्यशाळा घेऊन गोंडी बोलणाऱ्यांकडूनच बालपुस्तकांची भाषांतरे करवली. झाडीबोलीत असे काम मोठ्या प्रमाणावर व्हायला अडचण कशाची आहे? परवाना मोफत आहे. चित्रे तयार आहेत. भाऊबीजेनंतरच्या मंडईत रात्रभर दंडार उभी करणारी माणसे या जिल्ह्यात आहेत. त्यांना संवाद कसा लिहावा हे शिकवायला कोणी जाण्याची गरज नाही. आणि उलट्या दिशेने, झाडीच्या आजींच्या गोष्टी स्वाहिलीत का जाऊ नयेत? साहित्याच्या पदव्युत्तर विभागांतून भाषांतराच्या प्रकल्पासाठी विषय सापडत नाही अशी तक्रार आम्ही ऐकतो. हा घ्या.

एक आक्षेप शिक्षकांकडून येतो, आणि तो रास्त आहे. ओळ काढा म्हणणे तुम्हांला सोपे. आमच्याकडे पाचसात मिनिटे असतात, मूल्यशिक्षणाची नोंद ठेवायची असते, आणि मोकळी सोडलेली गोष्ट मुले भलतीकडे नेतात. नेतात, हे आम्ही पाहिले आहे. बिबट्याच्या गोष्टीवर एका मुलाने लोहाराकडून नखे घडवून घेणे हाच उत्तम उपाय असल्याचे ठासून सांगितले आणि त्याला चार अनुयायीही मिळाले. पण तो हे मनात ठेवूनच घरी गेला असता, आणि वहीत ‘अहिंसा श्रेष्ठ’ असे लिहून पूर्ण गुण मिळवले असते, त्यापेक्षा ते वर्गात बोलला हे बरे झाले. त्याच्याशी वाद घालायला तिथे तीस जण होते.

शेवटी अनान्सीचे सांगतो. घानातल्या अकान लोकांच्या गोष्टींतला हा कोळी. देवाने त्याला शहाणपणाने भरलेले मडके दिले. ते कोणाला मिळू नये म्हणून उंच झाडाच्या शेंड्यावर लपवायला तो निघाला. मडके पोटाशी बांधले, त्यामुळे चढता येईना, गुडघे आपटू लागले. खालून त्याचा लहानगा पोरगा म्हणाला, बाबा, पाठीला बांधले तर? तसे केल्यावर तो भराभर वर पोचला, आणि मग त्याला चमकले की सगळे शहाणपण आपल्याजवळ असताना ही युक्ती पोराला सुचलीच कशी. रागाने त्याने मडके खाली फेकले. ते फुटले, आणि शहाणपण सगळीकडे पसरले. गोष्ट वाचून झाली तेव्हा नेमके एक तपासणीस शाळेत आले होते, आणि त्यांच्या आग्रहावरून मुलांनी वहीत तात्पर्य लिहिले. बहुतेकांनी लोभ करू नये असे लिहिले. शेवटच्या रांगेतल्या एकाने लिहिले होते: मडके पाठीला बांधावे.